शंभर श्रोत्यांची एकच आवड

ती. सासूबाईंच्या सेवेशी,

धाकट्या जावयाचा शिरसाष्टांग नमस्कार. (थोरल्या जावयाने हेच पत्र पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं, हे मला मान्य आहे. त्याची नोकरीच पोस्टात आहे.) इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. तुमच्या गुडघ्याचं दुखणं कसं आहे? दुखत होता तो डावा की उजवा, यावर तुमच्या लेकीचं आणि माझं एकमत होत नाही, म्हणून मी दोन्ही गुडघ्यांची चौकशी करतो. नानांचा खोकला फक्त सकाळचा आहे की आता दिवसभर असतो? मी फोनवर त्यांना हेच विचारलं होतं, पण खोकल्यामुळे त्यांना सांगता आलं नाही. त्यांनाही माझा नमस्कार सांगावा.

तुम्ही आमच्याकडून तडकाफडकी निघून गेलात त्याला आज सात आठवडे झाले. चूक सर्वस्वी माझी. तुम्ही माझ्यासाठी एवढा खपून स्वेटर विणलात, आणि मी तो अंगात घालून शेजारच्या दोन बिऱ्हाडांसमोर म्हणालो, की उजवी बाही माझ्या हाताला केलेली दिसते आणि डावी पायाला. मला वाटलं होतं लोक हसतील. लोक हसले. तुम्ही हसला नाहीत, आणि दुपारच्या बसने गेलात. त्यानंतर या घरात माझ्या एकाही विनोदाला कोणी हसलेलं नाही. (तुमची लेक तर विनोद संपेपर्यंत थांबतही नाही, मध्येच उठून दूध तापवायला जाते.) मला मनापासून वाईट वाटतं, सासूबाई. तोंड आवरत नाही ही माझी जुनी खोड आहे आणि ती मला नेहमी घरच्या माणसांपुढेच महागात पडते. हे पत्र मी कसल्याही कामासाठी लिहीत नाही, एवढं आधीच स्पष्ट करून ठेवतो. ही निव्वळ क्षमायाचना आहे.

पण क्षमा मागायची तर ती बाही एवढी लांब का झाली ते सांगायला हवं, आणि ते सांगायचं तर माझी नोकरी समजावून सांगायला हवी. तुम्ही एकदा जेवताना विचारलं होतंत, "जावईबापू, दिवसभर गाणी लावता म्हणजे नक्की करता काय?" तेव्हा माझ्या तोंडात घास होता, म्हणून उत्तर राहून गेलं. (घास नसता तरी राहिलं असतं.) लोकांना वाटतं, जुन्या गाण्यांचं रेडिओ स्टेशन म्हणजे गाण्यांनी भरलेलं कपाट, आणि कपाटापाशी बसलेला एक सुखी माणूस, जो मनाला येईल ते गाणं काढतो आणि लावतो. एकोणीस वर्षांत माझ्या आवडीचं गाणं एकदाच लागलं, आणि तेही निवेदिकेला शिंक आल्यामुळे तिचा हात भलत्याच बटणावर पडला म्हणून. आमच्या कपाटात गाणी आहेत अकरा हजार. वाजतात तीनशे. आज तीनशे, उद्या तीच तीनशे, फक्त इकडची तिकडे. कारण जुनी गाणी ऐकणारा माणूस नवं काही ऐकायला आलेला नसतो, आणि कधीच न ऐकलेलं जुनं गाणं त्याला नव्यासारखंच टोचतं. ओळखीचं लागलं की तो मान डोलावतो, अनोळखी लागलं की त्याचा हात रेडिओच्या बटणाकडे जातो. त्याचा हात बटणाकडे जाऊ न देणं, हे माझं काम. तासाची सुरुवात हमखास आवडणाऱ्या गाण्याने करायची, मग एखादं त्याहून दहा वर्षं जुनं, दोन रडकी गाणी शेजारी येऊ द्यायची नाहीत, एकच गायक तासात दोनदा नको, आणि जाहिराती संपल्या की काहीतरी दणदणीत, कारण जाहिरातींत निम्म्यांचा डोळा लागलेला असतो. लग्नात कुठल्या काकूला कुठल्या काकूशेजारी बसवायचं नाही, हे तुम्हाला जसं पाठ असतं तसं मला गाण्यांचं पाठ आहे. दुसरं काहीही मला येत नाही.

आमचे मालक मूळचे गाद्यांचे कारखानदार. रेडिओवर गादीची जाहिरात करणं महाग पडतं म्हणून त्यांनी रेडिओ स्टेशनच घेऊन टाकलं. त्यांनी यंदा एक सल्लागार आणला. वय सव्वीस, बुटांत तोंड दिसेल इतकं पॉलिश, आणि कोणतंही वाक्य बोलण्याआधी फळ्यावर एक वर्तुळ काढायची सवय. त्याने मला पहिलाच प्रश्न विचारला, की जुनं म्हणजे कधीपासूनचं? मी म्हणालो, ज्या गाण्यावर नाचलेल्या माणसाला आज जमिनीवरून उठताना दुसऱ्याचा हात लागतो, ते जुनं. तो म्हणाला, साफ चूक. त्याने वर्तुळ काढलं. गादी बदलावी इतकी पाठ ज्याची दुखते, तो माणूस सोळा वर्षांचा असताना जे ऐकत होता ते जुनं. पाठ पंचेचाळिशीला दुखू लागते, आणि साठीनंतर माणूस नवी गादी घेत नाही, आहे तीच पुरेल म्हणतो. म्हणून आपला श्रोता पंचेचाळीस ते साठ. दरवर्षी जुन्या टोकाचं एक वर्ष कापायचं आणि नव्या टोकाला एक जोडायचं. माणसं म्हातारी होत जातात, आमचा श्रोता होत नाही. (नाना मागे म्हणाले होते, की तुमच्या स्टेशनवर हल्ली आमच्या वेळची गाणी लागत नाहीत. नाना, या हिशेबाने तुम्ही चौदा वर्षांपूर्वीच कापले गेलात. मनाला लावून घेऊ नये.)

आता ती चाचणी, जिला तुम्हीही आला होतात. तिचं प्रकरण असं असतं. एक हॉल घ्यायचा, त्यात शंभर खुर्च्या मांडायच्या, शंभर अनोळखी माणसं बोलवायची आणि प्रत्येकाच्या मांडीवर एक डबा द्यायचा. डब्याला एक गोल बटण. मग एकेका गाण्याचा सात सेकंदांचा तुकडा वाजवायचा. आवडला तर बटण शंभराकडे फिरवायचं, नावडला तर शून्याकडे. असे बाराशे तुकडे, दोन दिवस, रोज सहाशे. (सात सेकंदांत गाण्याची परीक्षा होते. आपल्याकडे मुलगी बघायला आलेली माणसं निदान चहा होईपर्यंत तरी बसत.) माणसं शंभरच हवीत, त्यांचं वय पंचेचाळीस ते साठच हवं, आणि स्टेशनातल्या कोणाचाही नातेवाईक त्यात असता कामा नये, हे सल्लागाराच्या करारात ठळक अक्षरांत होतं. सकाळी बघतो तर नव्याण्णव माणसं. अठ्ठावन्न नंबरच्या बाईंची दाढ सुजली होती. मी तुम्हाला चष्म्याच्या दुकानात सोडायला निघालो होतो, तुम्ही गाडीत बसून विणत होतात, आणि मला दुर्बुद्धी सुचली. यादीत तुमचं वय मी चोपन्न लिहिलं. (तुम्ही एकाहत्तरच्या आहात हे कोणाला सांगूनही पटणार नाही, म्हणूनच.) नात्याच्या रकान्यात "नाही" लिहिलं. दारातून तुम्हाला खुर्ची दाखवली आणि मी यंत्राच्या खोलीत पळालो, कारण सल्लागार वर्तुळ काढायला लागला होता. स्वेटरची पाठ आणि पोट तुम्ही घरूनच करून आणलं होतंत. पहिल्या दिवशी तुम्ही उजवी बाही विणलीत, दुसऱ्या दिवशी डावी. दुसऱ्या दिवशी सल्लागाराने शेवटचे दोनशे तुकडे पुन्हा वाजवायला लावले, त्यामुळे दोन तास जास्त गेले, आणि आता थांबा असं तुम्हाला कोणी म्हणालं नाही. बाही वाढतच गेली. म्हणजे त्या बाहीला जबाबदार आम्ही, आणि तिच्यावर विनोद करणाराही मीच.

निकाल आला तेव्हा सल्लागाराच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. शंभर माणसांचे शंभर आलेख त्याने एकावर एक ठेवले आणि उजेडात धरले, तर ती एकच रेघ दिसत होती. बाराशेच्या बाराशे तुकड्यांवर शंभर माणसांचं तंतोतंत एकमत. असा श्रोतृवर्ग मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही, असं तो म्हणाला. (उभं आयुष्य म्हणजे सव्वीस वर्षं.) मला खरं तर तेव्हाच शंका यायला हवी होती. आमच्या इमारतीतल्या चौदा बिऱ्हाडांचं जिन्याच्या रंगावर सहा वर्षांत एकमत झालेलं नाही, म्हणून जिना तीन रंगांत आहे. पण मालक टाळ्या वाजवत होते, आणि मालक टाळ्या वाजवत असताना शंका काढू नये एवढं मी एकोणीस वर्षांत शिकलो आहे.

मग मी यादी बघितली. ज्या गाण्यांवर आमचं स्टेशन तीस वर्षं उभं होतं, त्यांना दोन, चार, शून्य. शंभरपैकी शंभर कोणाला, तर पोलीस बँडच्या एका कवायतीच्या धूनला. एका बालगीताला, ज्यात एक ते दहा आकडे म्हणायला सव्वातीन मिनिटं लागतात. एका गाण्याला, ज्याच्या दुसऱ्या कडव्यात पेटीवाला खोकतो. तीनशे बारा नंबरला दंतमंजनाच्या एका जुन्या जाहिरातीला, जी चुकून टेपला चिकटून आली होती. आणि नऊशे पाचला चक्क काहीच नाही, तिथे टेप कोरी होती. कोऱ्या टेपला शंभर! मी म्हणालो, ही चूक आहे, काढून टाकू. सल्लागार म्हणाला, शंभर माणसांचं मत काढून टाकणारे तुम्ही कोण? मी म्हणालो, मग निदान सात सेकंदच वाजवू. तो म्हणाला, बाकीची गाणी आपण सात सेकंद वाजवतो का? झालं, रोज सकाळी दहाला निवेदिका गोड आवाजात सांगू लागली, की आता ऐकू या नऊशे पाच, आणि मग तीन मिनिटं स्टेशन गप्प.

पहिल्या आठवड्यात फोनवर लोकांनी आमचा उद्धार केला. दुसऱ्या आठवड्यात फोन थंडावले. तिसऱ्या आठवड्यात एका न्हाव्याचा फोन आला, की गिऱ्हाइकं दाढी झाली तरी खुर्चीतून उठत नाहीत, पुढे काय लागतंय ते बघू म्हणतात. एका निवृत्त बँडवाल्याने रडत सांगितलं, की कवायतीच्या त्या धूनमधली तिसरी तुतारी त्याची आहे आणि बायकोने ती पहिल्यांदाच ऐकली. पेटीवाल्याच्या खोकल्याला तर फर्माइशी येऊ लागल्या. नऊशे पाचच्या वेळी म्हणे घराघरांतली माणसं एकमेकांशी बोलतात. आम्ही नवव्या नंबरावर होतो ते दुसऱ्यावर आलो, गाद्या कमी पडू लागल्या, आणि मालकांनी मला खिडकी असलेली खोली दिली. सल्लागार आता आमची यादी घेऊन आणखी सात स्टेशनांना शहाणं करायला निघाला आहे. मला मात्र रोज सकाळी ती यादी लावताना वाटायचं, की माझे कान एकोणीस वर्षं काय करत होते? ज्या गाण्यांना मी कचरा समजत होतो त्यांवर शंभर माणसं जीव टाकतात, आणि मला पत्ता नाही. खोटं कशाला बोलू, दोन-तीन वेळा मी खिडकीशी उभा राहून डोळे पुसले. (खिडकी होती म्हणून बरं.)

आणि मग परवा आमचा वायरमन आपली पक्कड शोधायला आला. बोलता बोलता म्हणाला, "साहेब, तेवढं कुणाला सांगू नका, पण त्या चाचणीत डबा एकच चालू होता. अठ्ठावन्न नंबरचा. बाकीचे नव्याण्णव मी नुसते शोभेला जोडले होते, तार कमी पडली." यंत्राने बिचाऱ्याने जे एक ऐकलं तेच शंभर रकान्यांत लिहून काढलं. अठ्ठावन्न म्हणजे तुम्ही! आणि तुम्ही तर विणत होतात. क्षणात माझ्या डोक्यात प्रकाश पडला. डबा मांडीवर, वर विणकाम, बटणाला अडकलेली लोकर. तुमची ओळ संपली, सुया फिरल्या, की बटण शंभरावर. घरी येऊन मी कपाटावर फेकलेला स्वेटर खाली काढला (फेकलेला नव्हे, ठेवलेला), दोन्ही बाह्या टेबलावर पसरल्या, शेजारी आलेखाचा कागद, हातात पट्टी. आणि काय सांगू! ओळ न् ओळ जुळली. उजव्या बाहीवर कोपराजवळ तुमचा एक टाका सुटला आहे ना? तिथे बरोबर दंतमंजन. डाव्या बाहीवर जिथे तुम्ही लोकरीचा नवा गुंडा जोडलात, तिथे नऊशे पाच. (दोन-तीन ठिकाणी बाही जराशी ताणून टाचण्या माराव्या लागल्या, पण लोकर ती लोकर, ताणणारच.) तुमची लेक आत आली तेव्हा मी बाहीवर डोकं टेकून बसलो होतो. तिला वाटलं मला स्वेटरची किंमत कळली. तिचेही डोळे भरून आले. मी तिला तसंच समजू दिलं, आणि तेव्हापासून स्वेटर अंगात घालतो आहे. उकाडा भयंकर आहे. डावी बाही मी चार घड्या घालून दुमडतो, कार्यालयात लोकांना ती फॅशन वाटते.

आता एवढं सगळं झाल्यावर माणसाने स्वस्थ बसावं, तर दोन महिने तेच ऐकून श्रोते पुन्हा कंटाळतील म्हणून मालकांनी दुसरी चाचणी ठरवली आहे. तीच शंभर माणसं, त्याच खुर्च्या, तेच डबे. कशालाही हात लावायचा नाही, असा मालकांचा हुकूम, म्हणजे वायरमनलाही दुरुस्ती करता येणार नाही. निकालाची तऱ्हा बदलली तर सल्लागार चौकशी लावणार, चौकशीत अठ्ठावन्नची तार निघणार, तारेमागून अठ्ठावन्नच्या खुर्चीतली बाई, तिचं चोपन्न वय आणि तिचा जावई, असं सगळं ओळीने बाहेर येणार. माझी नोकरी गेली तर बावन्नाव्या वर्षी मला कोण ठेवणार? कुठल्या गाण्यामागून कुठलं गाणं लावावं, एवढी एकच विद्या माझ्यापाशी, आणि तिचाही आता मला भरवसा उरलेला नाही. पण तुम्ही याची काळजी करू नका. तुम्हाला कसलाही त्रास द्यायचा माझा विचार नाही. मला फक्त क्षमा हवी आहे, आणि ती पत्राने कळवली तरी चालेल. गुडघ्यांना जपावं. लिहिण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर या जावयाला तुमच्या थोरल्या जावयाइतकं अक्षरज्ञान नाही असं समजून पोटात घालावं.

तुमचा, स्वेटरमधला,
धाकटा जावई

ता. क. सहज म्हणून सोबत येत्या अकरा तारखेचं बसचं तिकीट ठेवलं आहे. खिडकीची जागा आहे. चाचणी बारा आणि तेराला आहे, हा निव्वळ योगायोग.

ता. क. दुसरा. आलातच, तर येताना तीच हिरवी लोकर आणि त्याच नऊ नंबरच्या सुया आणाव्या. बाह्या विणाव्या. कोणाच्याही. पहिल्या दिवशी बेताची, दुसऱ्या दिवशी गुडघ्यापर्यंत. सुटलेला टाका सुटूच द्यावा, उसवून पुन्हा विणू नये, तुमच्या हातून सुटलेल्या टाक्याला बाजारात फार मागणी आहे. गाणी ऐकण्याचा प्रयत्न मात्र कृपा करून करू नये.

ता. क. तिसरा. हे लिहू की नको असं तीनदा वाटलं. दुसऱ्या दिवशी सातशे चाळीस नंबरचा तुकडा आहे. ते माझं गाणं. बावीस वर्षांचा असताना ते ऐकून मी ही नोकरी करायचं ठरवलं होतं. आजवर प्रत्येक चाचणीत त्याला शून्य मिळालं आहे आणि मी स्वतःच्या हाताने ते यादीतून खोडलं आहे. सासूबाई, तुमची एखादी ओळ नेमकी त्या सात सेकंदांत संपवता आली, तर मी जन्मभर तुमच्या हातचे स्वेटर घालीन, बाह्या कितीही असोत.

(खालचा मजकूर वेगळ्या अक्षरात)

ती. आई, पाकीट चिकटवायला ह्यांनी माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. अगं, तू त्या अठ्ठावन्न नंबरवर बसलीच कुठे होतीस? तिथे टाके दिसेनात म्हणून दोन्ही दिवस तू खिडकीपाशी जाऊन बसलीस, आणि खिडकीतल्या जाड्या बाईंना उन्हाने उकडत होतं म्हणून त्या तुझ्या जागी पंख्याखाली आल्या. तूच मला संध्याकाळी पोट धरधरून सांगत होतीस, की पंखा पडलाय बंद, आणि मांडीवरचं ते बटण पंख्याचं आहे असं समजून बिचारी दोन दिवस ते वर-खाली फिरवतेय. ह्यांना मी यातलं काही बोलले नाही, तूही बोलू नकोस. नोकरीच्या धास्तीने ह्यांना झोप नाही, आणि माफी मागावीशी वाटतेय ती मात्र खरी आहे, ते मी डोळ्यांनी बघतेय. तू ये. त्यांना समोर बसवून माफी मागू दे, विणायला लोकरही आण. त्या बाई येणारच आहेत, त्यांना पुन्हा गोड बोलून तुझ्या जागेवर बसव. वायरमनशी माझं बोलणं झालंय. पंखा तो दुरुस्त करून ठेवणार आहे, पण चालू करायचा नाही. फक्त सातशे चाळीसचा तुकडा लागला की सात सेकंद चालवायचा, म्हणजे बाई बटण वर नेऊन तिथेच घट्ट धरून ठेवतील.